खाल्लं तरी न खाल्ल्यासारखं

गेल्या आषाढातल्या संकष्टीची गोष्ट. संध्याकाळपासून पाऊस लागलेला, समोरच्या इमारतीचे दिवेही धड दिसत नव्हते. पावणेदहा वाजून गेल्यावर दाराची बेल वाजली. दारात समोरच्या काकू. साडी घरातलीच, पण केसांत मोगऱ्याचा छोटा गजरा, एका हातात पाण्याचा तांब्या आणि दुसऱ्या हातातल्या वाटीत अक्षता, फूल, दोन दुर्वा. दिवसभराच्या उपवासाने आवाज थोडा खोल गेलेला. म्हणाल्या, ''तुझ्या मोबाइलमध्ये चंद्र उगवला का गं?'' मी मोबाइल बघितला. मुंबईची चंद्रोदयाची वेळ होऊन पाच-सहा मिनिटं झाली होती. म्हटलं, ''उगवला, काकू.'' ''बरं झालं बाई,'' म्हणत त्या जिन्याजवळच्या खिडकीपाशी गेल्या. खिडकी पूर्वेची. गजांमधून हात बाहेर काढून त्यांनी त्या काळ्याकुट्ट पावसात अर्घ्य सोडलं, हात जोडले आणि घरात गेल्या. पाच मिनिटांत त्यांच्याकडून पानं मांडल्याचा आवाज आला.

नवऱ्याला सांगितलं तर तो खूप हसला. ''उद्या नैवेद्यही ऑनलाइन दाखवतील,'' म्हणाला. मला हसू आलं नाही. चंद्र त्यांना दिसला नव्हता, मलाही नाही. तरी आम्हा दोघींच्या मते तो उगवला होता आणि त्या भरवशावर एका बाईने दिवसभराचा उपवास सोडला होता. यात कुणी कुणाला फसवलं होतं का? की महिन्याच्या महिन्याला चालणारी ही व्रतं पहिल्यापासून अशाच कुठल्या तरी सवलतीवर चालत आली आहेत?

पुढचे बरेच दिवस मी हेच डोक्यात घेऊन फिरत होते.

कराडच्या आमच्या घरात महिन्याला दोन घड्याळं चालायची. एक आजीचं, एक आजोबांचं. आजीची संकष्टी, आजोबांची एकादशी. आजोबा महिन्याचे वारकरी. शुद्ध एकादशी आली की दशमीला सकाळीच धोतर-सदरा पिशवीत घालून पंढरपूरची एस.टी. पकडायची, एकादशीला चंद्रभागेचं स्नान, दर्शन मिळालं तर मिळालं, नाहीतर कळसाला हात जोडायचे, रात्री कीर्तन आणि बारस सोडून परत. येताना कपाळावर बुक्का आणि कागदाच्या पुडीत चुरमुरे-डाळं. वद्य एकादशीला त्यांचे काही सोबती आळंदी गाठायचे. आजोबांना ते जमत नसे. ती एकादशी ते घरीच करत, पण त्या दिवशी त्यांच्याशी बोलायला आम्हा मुलांना भीती वाटायची. उपाशी माणसाचा राग की देवाजवळच्या माणसाचं गांभीर्य, हे ओळखायची अक्कल आम्हाला नव्हती.

आजीची संकष्टी वेगळी. एकादशीचा उपवास सुटतो दुसऱ्या दिवशी द्वादशीला, म्हणजे तो सूर्याच्या हातात. संकष्टी सुटते त्याच रात्री, चंद्र दिसल्यावर. त्यामुळे एकादशी हे एका रेषेत सहन करायचं काम आणि संकष्टी म्हणजे वाट बघणं. संध्याकाळी सात वाजता दिवा लागला की घरभर एक विचित्र उत्सुकता पसरायची. तळणीतल्या मोदकांचा वास माजघरापर्यंत यायचा, पण हात लावायचा नाही. आम्ही मुलं पाळीपाळीने गच्चीवर जाऊन पूर्वेच्या बाजूच्या झाडांवर नजर लावून बसायचो. आजीला पंचांग फारसं लागत नसे. ती म्हणायची, ''भाद्रपद-आश्विनातला चंद्र लवकर भेटतो, चैत्र-वैशाखातला जीव काढतो.'' मला ती पोटाची भाषा वाटायची. पुढे कॅलेंडरातल्या वेळा वर्षभर सलग पाहिल्यावर कळलं की तिचं बरोबर होतं. आश्विनात चतुर्थीचा चंद्र पावणेनऊच्या आसपास वर येतो, चैत्रात दहा वाजवतो. तासा-दीड तासाचा हा फरक तिने रिकाम्या पोटाने मोजून ठेवला होता.

आता मोजायला पोट लागत नाही. पण घोळ तेवढाच आहे. सासूबाई नागपूरला. त्यांच्याकडे चंद्र आमच्यापेक्षा पंचवीसेक मिनिटं आधी उगवतो आणि त्या फोन करून, ''आमचं जेवण झालं पण!'' असं शर्यत जिंकल्याच्या सुरात सांगतात. मावसबहीण लंडनला. जूनमध्ये तिथे सूर्यच नऊ वाजून गेल्यावर मावळतो, चतुर्थीचा चंद्र मध्यरात्रीच्या आसपास येतो आणि दुसऱ्या दिवशी तिला सकाळी ऑफिस. एकदा तिने विचारलं होतं, ''कराडच्या चंद्रावर सोडला तर चालेल का?'' तिला काय उत्तर द्यावं हे मला कळलं नाही, पण प्रश्न मुळीच खुळचट वाटला नाही.

असे प्रश्न विचारणारी ती पहिली नव्हे. यज्ञाचे विधी सांगणाऱ्या शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथाच्या अगदी सुरुवातीला, पहिल्याच पानांवर, हाच वाद आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या इष्टीच्या, म्हणजे यज्ञाच्या, आदल्या दिवशी यजमान व्रत धरतो. देवांना माणसाच्या मनातलं कळतं. उद्या हा आपल्याला हवी, म्हणजे अग्नीत वाहायचं अन्न, देणार म्हणून ते आदल्या रात्रीच त्याच्या घरी येऊन राहतात. आता घरात पाहुणे आलेले असताना त्यांच्या आधी आपण जेवायचं, हे बरं दिसत नाही. मग उपाशी राहावं, असं आषाढ सावयस नावाच्या ऋषीचं मत. याज्ञवल्क्य मात्र अडून बसतो. न खावं तर ते पितरांसाठी करायचं कर्म होऊन बसतं, खावं तर देवांच्या आधी खाल्ल्याचा दोष. मग करायचं काय? तर जे खाल्लं तरी न खाल्ल्यासारखं होईल, ते खावं. ज्याचा हवी देत नाहीत ते खाल्लं तर देवांच्या आधी खाल्ल्याचा प्रश्नच येत नाही. म्हणून रानात उगवणारं, झाडांची फळं, असं काहीतरी.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्याने हसले. अडीच हजार वर्षांहून जुना ग्रंथ आणि त्यात साबुदाण्याच्या खिचडीचं सगळं तत्त्वज्ञान तयार! आणि गंमत पुढेच आहे. ही सवलत कळल्याबरोबर बर्कु वार्ष्ण म्हणाला, मग मला उडीद शिजवून द्या, उडदाचा कुठे हवी देतात? ग्रंथ त्याला लगेच आवरतो. डाळ ही भाताला-जवाला जोड म्हणून येते, तेव्हा ती चालायची नाही. म्हणजे नियम झाला त्याच क्षणी त्यातली फट शोधणारा माणूस हजर, आणि ती फट बुजवणाराही. आमच्या घरात कोथिंबीर उपवासाला चालते की नाही यावर आई आणि आत्या यांच्यात जी वर्षानुवर्षं धुसफूस होती, तिचे मूळपुरुष हेच.

ऋषिपंचमीला आजी बैलाच्या कष्टाचं काही खायची नाही. परसातलं अळू, भोपळा, माठ, कुठल्या तरी वेलीवरचं पडवळ असं एकत्र शिजायचं, मीठसुद्धा जपून. नांगराच्या शेतातलं नको, आपोआप उगवलेलं हवं, हा तोच जुना रानातला नियम वर्षातून एकदा आमच्या स्वयंपाकघरात येऊन जायचा. बाकीच्या उपवासांत मात्र तो केव्हाच हरवला. हरवला म्हणण्यापेक्षा त्याने देशांतर केलं. उपवासाचं ताट एकदा नीट बघा. बटाटा, रताळं, शेंगदाणे, मिरची हे सगळे पोर्तुगिजांच्या काळात समुद्रापलीकडून आलेले. राजगिऱ्याच्या ज्या जाती आपण दाण्यासाठी लावतो, त्याही मूळच्या अमेरिकेतल्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेचा, आणि त्याचे कारखाने तमिळनाडूत सेलमच्या आसपास उभे राहिले ते १९४०च्या दशकात. जुने म्हणावेत असे उरतात ते शिंगाडा आणि वरी. धर्मशास्त्राचे नियम संकलित करणाऱ्या जुन्या पंडितांनी, म्हणजे निबंधकारांनी, तांदूळ, गहू, डाळी यांची नावं घेऊन ठेवली होती. नवी मंडळी आली तेव्हा त्यांची नावं यादीत नव्हती. यादीत नाव नाही म्हणजे ते अन्न नाही! बर्कु वार्ष्णाला उडीद मिळाले नाहीत, पण आपल्याला बटाटा मिळाला. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण उगाच पडली नाही.

भागवतातली अंबरीषाची गोष्टही याच वाटेवरची. राजाने वर्षभर द्वादशीचं व्रत केलं, शेवटी तीन दिवसांचा उपास. पारणं करणार एवढ्यात दुर्वास ऋषी आले. जेवायला या म्हटलं तर स्नानाला यमुनेवर गेले ते येईचनात. द्वादशी संपायला आली. द्वादशीच्या आत पारणं केलं नाही तर व्रत मोडतं, अतिथीच्या आधी खाल्लं तर त्याचा अपमान. ब्राह्मणांना विचारलं तर त्यांनी तोड काढली की पाणी पी. पाणी पिणं म्हणजे खाल्लंही आणि न खाल्लंही, 'अशितं नाशितं च तत्'. राजा पाणी प्यायला. दुर्वास भडकले, राजाला मारायला कृत्या नावाची राक्षसी उत्पन्न केली, सुदर्शन चक्र त्यांच्यामागे लागलं, तिन्ही लोक फिरून शेवटी त्यांना अंबरीषाचेच पाय धरावे लागले. कीर्तनकार हे चक्राचं प्रकरण रंगवून सांगतात. मला तो पाण्याचा घोट जास्त महत्त्वाचा वाटतो. भागवतकाराने सवलत घेणाऱ्या गृहस्थाची बाजू घेतली आणि नियमाचा अर्थ ताठपणे लावणाऱ्या तपस्व्याला पळायला लावलं.

आणि मग तो प्रसिद्ध श्लोक आहेच. पाणी, मूळ, फळ, दूध, हवी, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचं वचन आणि औषध, या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही. माझ्या आईला मधुमेह निघाला तेव्हा तिच्या संकष्टीचं काय करायचं हा घरात मोठाच प्रश्न झाला. डॉक्टरांनी सांगितलं, उपाशी राहायचं नाही, गोळीच्या आधी काहीतरी खायचंच. तिला उद्यापन करून टाक म्हणून सगळ्यांनी सुचवलं. आजीकडून आलेलं व्रत, आपल्या हाताने संपवायला तिचं मन होईना. मी तिला तो श्लोक वाचून दाखवला. दोन दिवस ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ''डॉक्टर म्हणजे गुरुवचन, गोळी म्हणजे औषध. दोन्ही त्यात बसतात.'' तेव्हापासून ती संकष्टीला दुपारी गोळी आणि दोन मारी बिस्किटं घेते. बिस्किटं कशात बसतात हे मी विचारलेलं नाही.

या सगळ्यात मला कौतुक वाटतं ते ही गोष्ट यजमानाच्या अग्निशाळेतून कुणाच्याही माजघरात कशी आली याचं. अमावास्या-पौर्णिमेच्या इष्टीला अग्नी हवे, ऋत्विज हवेत, मंत्र हवेत. ते सगळ्यांचं काम नव्हतं. पण पंधरवड्याचा तो ताल मात्र सगळ्यांनी उचलला. बौद्ध भिक्षूंचे नियम सांगणाऱ्या विनयपिटकातल्या महावग्गात राजा बिंबिसार बुद्धाला सांगतो की इतर पंथांचे परिव्राजक चतुर्दशी, पौर्णिमा आणि अष्टमीला एकत्र जमून धर्म सांगतात, लोक ऐकायला जातात, त्यांची श्रद्धा वाढते, तर आपल्या भिक्षूंनीही जमावं. म्हणजे राजगृहाच्या सामान्य माणसाला चंद्राच्या ठरावीक दिवशी काहीतरी ऐकायला जायची सवय आधीच होती. पुढे पुराणांनी घरोघरी व्रतं दिली. वेदमंत्रांवाचून, यज्ञावाचून. चारही वर्णांना, बायकांनाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या हेमाद्री पंडिताने 'चतुर्वर्गचिंतामणी'त व्रतखंड रचला तेव्हा ही व्रतं त्याने प्रतिपदेपासून तिथीवार लावली. तो चाळताना वाटतं, महिन्याचा एक दिवस मोकळा सोडायची या माणसाची तयारी नव्हती. सगळी व्रतं कुणी एकाने केली असती तर त्या घरात चूल पेटली नसती, किंवा पेटली ती विझलीच नसती.

आमच्या घरात दुसरी गोष्ट खरी होती. आजीचा उपवास म्हणजे तिला खाणं नव्हतं, स्वयंपाक दुप्पट होता. उपवास नसणाऱ्यांसाठी सकाळी पोळी-भाजी, स्वतःसाठी मूठभर भगर, आणि रात्रीचा सगळा नैवेद्य. आजोबांच्या एकादशीला त्यांची दाण्याची आमटी वेगळ्या पातेल्यात, खरकट्याचा हात लागू न देता. देवाला भेटायला आजोबा पंढरपूरला जात आणि आजी ओट्यापाशी उभी राहे. मनूने तर सरळ लिहून ठेवलं आहे की स्त्रियांना वेगळा यज्ञ नाही, व्रत नाही, उपोषण नाही. निबंधकारांनी त्यातून नवऱ्याच्या संमतीची वाट काढून दिली. आणि इतकं असूनही ही व्रतं शतकानुशतकं टिकवली ती बायकांनीच. याचा अभिमान वाटावा की चीड यावी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ज्या घरात दुसरं काहीच बाईच्या मालकीचं नव्हतं तिथे 'आज माझा उपवास आहे' हे वाक्य तिचं स्वतःचं होतं. ते ऐकल्यावर आजोबाही आवाज खाली आणायचे.

महिन्याचं आणखी एक चक्र त्या घरात होतंच. आजी बाजूला बसली आणि नेमकी संकष्टी आली, तर उपवास तिचा आणि पूजा दुसऱ्याच्या हातची. धर्मशास्त्रातही तसंच आहे, शरीराने करायचं ते तिने करावं, पूजा दुसऱ्याकडून करवावी. अशा एका संकष्टीला पूजेला मी बसले होते. वय आठ-नऊ. आजी माजघराच्या उंबऱ्याबाहेर चटईवर, तिथून सूचना देत. ''आता गंध. आता लाल फूल. दुर्वा एकवीस मोज.'' अर्घ्य द्यायला मी गच्चीवर गेले तेव्हा ती अंगणात उतरून उभी राहिली आणि तिथूनच तिने चंद्राला हात जोडले. घरातल्या देवाला तिची सावली चालत नव्हती, आकाशातल्या चंद्राला काही फरक पडत नव्हता. आठव्या वर्षी मला ते फार अन्यायाचं वगैरे वाटलं नाही, पूजा करायला मिळाल्याचा आनंदच होता. राग पुष्कळ वर्षांनी आला, आणि तो यायला उशीर झाला याचाही आला.

देवळाचंही तेच. आजोबांच्या तरुणपणी, १९४७च्या मे महिन्यात, पंढरपूरला साने गुरुजींनी उपवास केला. तिथीचा नव्हे, प्राण पणाला लावलेला. तेव्हा कुठे विठ्ठलाचं दार अस्पृश्य म्हणवल्या गेलेल्या वारकऱ्यांना उघडलं. त्याआधी शेकडो वर्षं ती माणसं वारी करत होती, एकादशी धरत होती आणि महाद्वाराबाहेर थांबत होती. चोखोबांची समाधी तिथेच आहे. एकादशीला कुणाची परवानगी लागत नव्हती, म्हणून ती सर्वांची होऊ शकली. आजोबा हा विषय निघाला की गप्प होत. त्यांच्या वडिलांनी तेव्हा कुठली बाजू घेतली होती हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

एकादशीची तारीख तरी कुठे सरळ असते! चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी झाली. चंद्राचा वेग कमीजास्त होतो, म्हणून तिथी कधी १९ तासांत उरकते, कधी २६ तासांपर्यंत लांबते. ती सूर्योदयाची शिस्त पाळत नाही. दोन दिवसांत विभागलेल्या तिथीचं व्रत कुठल्या दिवशी करायचं, यावर पिढ्यान्‌पिढ्या पंडितांची डोकी चालली. कमलाकर भट्टांनी काशीत १६१२ साली 'निर्णयसिंधू' पुरा केला. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी, म्हणजे बाबा पाध्यांनी, १७९०च्या सुमाराला 'धर्मसिंधू' लिहिला. तो उघडला की पहिल्यांदा भेटतो तो हाच हिशेब. संकष्टीला चंद्रोदयी चतुर्थी हवी. एकादशीला दशमीचा वेध नको, आणि भागवत संप्रदायवाल्यांना तर सूर्योदयाच्या आधीच्या चार घटकांतही, म्हणजे ९६ मिनिटांतही, दशमीचा स्पर्श चालत नाही. म्हणून कॅलेंडरात कधी कधी लागोपाठ दोन एकादश्या दिसतात, एक स्मार्त, एक भागवत. आमच्याकडे अशा महिन्यात आजी स्मार्त धरायची आणि आजोबा भागवत. एका छपराखाली दोन दिवस चूल गोंधळलेली. बाबा पाध्यांच्या आधी आणि नंतरही गावाचा जोशी तिथी सांगत घरोघर फिरायचा. १९७३ साली 'कालनिर्णय' आलं आणि जोश्याचं ते काम खिळ्यावर टांगलं गेलं. कॅलेंडरावर विश्वास ठेवून जेवणं आणि मोबाइलवर विश्वास ठेवून जेवणं, यांत मला तरी फरक सापडत नाही. ढगाळ रात्री आजीसुद्धा पंचांगातली वेळ झाली की पूर्वेकडे तोंड करून अर्घ्य द्यायची.

आणि सवलत देण्यात देवही मागे नाहीत. तुकोबांचे पूर्वज विश्वंभरबाबा देहूहून दर पंधरवड्याला पंढरीची वारी करत, असं संतचरित्रकार महिपतीबुवा सांगतात. देहू ते पंढरपूर दोनशेच्या वर किलोमीटर, तेही पायी. हिशेब केला तर माणूस कायम रस्त्यावरच, घरी फक्त धोतर बदलायला. शेवटी विठ्ठलालाच दया आली आणि तो देहूला आला. मोरया गोसाव्यांची गोष्ट अगदी हीच. चिंचवडहून दर महिन्याला चतुर्थीला मोरगाव. वय झालं, चालवेना. तेव्हा मोरेश्वर म्हणाला, आता तू येऊ नकोस, मीच येतो. कऱ्हा नदीत स्नान करताना मूर्ती ओंजळीत आली. दोन वेगळे देव, दोन वेगळे संप्रदाय, पण दमलेल्या गृहस्थाला दोघांचं उत्तर एकच. आजोबांचे गुडघे गेले तेव्हा शेवटची काही वर्षं ते एकादशीला पंढरपूरऐवजी कोपऱ्यावरच्या विठ्ठलमंदिरात जायचे. 'मीच येतो' असं त्यांना कुणी म्हटलं होतं का कोण जाणे. त्यांनी स्वतःच तसं ठरवून टाकलं असावं.

मला वैताग येतो तो वेगळ्याच गोष्टींचा. एक अंगारकी केली की एकवीस संकष्ट्यांचं पुण्य, म्हणून वर्षभर चतुर्थी कधी येते हेही न बघणारी माणसं त्या मंगळवारी प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाला पहाटेपासून रांगा लावतात. ठोक भावाने घेतलेल्या पुण्याची ही रांग. दुसरा वैताग म्हणजे उपवासाने शरीरातली विषारी द्रव्यं कशी बाहेर पडतात, आपल्या ऋषिमुनींना ते कसं आधीच ठाऊक होतं, हे सकाळी सहाला येणारे निरोप. ऋषिमुनी पाहुण्यांच्या आधी जेवावं की नाही, याचा विचार करत होते. त्यांच्या चिंतेत जे माणूसपण आहे ते या निरोपांत औषधालाही सापडत नाही. मी स्वतः संकष्टी धरते का? धरते, माझ्या पद्धतीने. सकाळी खिचडी, दुपारी ऑफिसच्या कँटीनमध्ये जे मिळेल त्यातलं केळं, आणि रात्री चंद्रोदयानंतर जेवण. फळ मिळतं असं मला वाटत नाही. महिन्यातून एक संध्याकाळ आकाशाला विचारून जेवायचं, एवढं मला पुरतं.

आश्विनातल्या संकष्टीला आई माझ्याकडे होती. आमच्या सोसायटीची गच्ची एरवी कुलपात असते. त्या दिवशी मात्र सेक्रेटरींनी आठ ते दहा उघडी ठेवायची नोटीस लावली होती, कारण त्याच दिवशी करवा चौथ. आपली आश्विन वद्य चतुर्थी म्हणजेच उत्तरेकडच्यांची कार्तिक कृष्ण चतुर्थी. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला, म्हणून महिन्याचं नाव निराळं, चंद्र तोच. गच्चीवर सातव्या मजल्यावरची पंजाबी मुलगी मेंदीच्या हातात चाळण घेऊन उभी, तिच्या दोन मैत्रिणी, आणि या बाजूला आम्ही दुर्वा-तांब्या घेऊन. वारा छान होता. खालून तळणाचा वास येत होता. गप्पा सुरू झाल्या. ती पहाटेपासून पाण्याचा थेंबही न घेतलेली, ओठ सुकलेले. तिने आईला हिंदीत विचारलं, आंटी, तुम्ही सकाळपासून काय घेतलं? आईने सांगितलं, सकाळी थोडी खिचडी, दुपारी गोळी आणि दोन बिस्किटं, संध्याकाळी अर्धा कप चहा. ती मुलगी हसली. म्हणाली, एवढं खाल्लंत, मग उपवास कसला?

आई अजिबात गोंधळली नाही. तिने पदर नीट केला आणि आपल्या मराठी वळणाच्या हिंदीत तिला समजावलं, ''खाया है बेटा. जेवले कुठे अजून?''